लाल खडा माणिक की गार्नेट? आजीची नथ मोडीत घालण्याआधी

२०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि कपाटाच्या खणात वर्षानुवर्षं पडून असलेल्या जुन्या दागिन्यांकडे पुन्हा लक्ष गेलं. आजीची नथ, पणजीच्या कुड्या, एखादा तन्मणी. घरात लग्न आहे, नवं सोनं परवडत नाही, मग हे जुनं मोडावं, असा विचार सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत कितीतरी घरांत होतो. दुकानात दागिना काट्यावर चढतो, कस बघितला जातो आणि हिशेबात एक आकडा कमी होतो: खडे वजा. त्यात चूक काही नाही, सोन्याच्या भावाने दगड कोण घेईल? पण वजा झालेल्या त्या लाल खड्यांचं पुढे काय होतं? कधी कागदाच्या पुडीत परत येतात, कधी "साधेच आहेत" म्हणून दुकानातच राहतात, आणि घरचेही मान हलवतात.

ते साधे आहेत की नाहीत, हे नुसत्या नजरेने सांगणं अवघड आहे, मुरलेल्या सोनारालासुद्धा. खडा ओळखायचा तर त्याच्यातून प्रकाश कसा जातो आणि तो चुंबकाला, पाण्याला कसं उत्तर देतो, हे बघावं लागतं. यातल्या बऱ्याच गोष्टी घरच्या टेबलावर करता येतात.

दोन्ही लाल, दोन्ही नैसर्गिक, मग फरक कसला?

माणिक म्हणजे कॉरंडम नावाचं खनिज. अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बस्स. शुद्ध असेल तर ते पाण्यासारखं बिनरंगी असतं. त्यात क्रोमियमचा किंचित अंश मिसळला की लाल होतं, त्याला माणिक म्हणायचं. हेच कॉरंडम लोह आणि टायटॅनियममुळे निळं झालं की त्याला आपण नीलम म्हणतो. म्हणजे माणिक आणि नीलम ही सख्खी भावंडं.

गार्नेट हे वेगळं घराणं. जुने लोक त्याला तामडा म्हणतात. यात सिलिका असते, अ‍ॅल्युमिनियम असतं आणि लाल गार्नेटमध्ये लोह किंवा मॅग्नेशियम, बहुतेक वेळा दोन्ही. लोह जास्त असलेल्याला अल्मंडाइन म्हणतात, मॅग्नेशियम जास्त असलेल्याला पायरोप. निसर्गात ही दोन्ही सहसा मिसळलेलीच सापडतात. हे मिश्रण लक्षात ठेवा, कारण पुढचा बराच गोंधळ त्यातूनच होतो.

आपल्या किनाऱ्यावर माणकाच्या खाणी नाहीत. रत्नागिरीच्या नावात रत्न असलं तरी जमिनीत आहे तो काळा कातळ आणि जांभा. उत्तम माणिक पूर्वी ब्रह्मदेशातल्या मोगोकहून यायचं, आता आफ्रिकेतल्या मोझांबिकमधूनही येतं. गार्नेट मात्र भारतात भरपूर. राजस्थानात टोंक जिल्ह्यातल्या राजमहालचं गार्नेट प्रसिद्ध आहे, आणि पैलू पाडण्याचं मोठं काम जयपुरात होतं. त्यामुळे जुन्या दागिन्यात लाल खडा दिसला तर तो गार्नेट असण्याची शक्यता आधी धरावी आणि मग ती तपासावी.

रंगावरून का कळत नाही?

कोकमाचं आगळ बाटलीत बघा, जवळजवळ काळं दिसतं. तेच चमचाभर पेल्यात घेऊन पाणी ओता, लगेच सुंदर गुलाबी-लाल. पदार्थ तोच, प्रकाशाच्या वाटेत तो किती आला एवढाच फरक.

खड्यांचं तसंच आहे. जाड गार्नेट काळपट तपकिरी दिसतं. तेच पातळ कापलं की माणकासारखं उजळतं. कारागिरांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं, म्हणून गोल घुमटासारख्या गार्नेटची पाठ आतून कोरून पातळ करण्याची पद्धत होती. शिवाय जुनी कोंदणं पुष्कळदा मागून बंद असतात. खड्याखाली लाल किंवा चकचकीत पन्नी घातली की फिकट दगडही पेटून उठतो. अशा कोंदणात दिसणारा रंग खड्याचा किती आणि पन्नीचा किती, हे वरून कळायला मार्ग नाही.

त्यात दुकानातला दिवा. पिवळ्या दिव्याखाली सगळेच लाल खडे जास्त लाल दिसतात, पांढऱ्या एलईडीखाली गार्नेट थोडं तपकिरी पडतं. रंग बघायचाच असेल तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, उन्हात नाही, पडवीत बसून, पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. पावसाळी ढगाळ दिवस असेल तर फारच छान, तो प्रकाश सगळीकडून सारखा येतो. पण एवढं करूनही रंग फक्त संशय देतो, उत्तर देत नाही.

जांभ्याचा चिरा आणि सागाची फळी

खरा फरक इथे आहे.

जांभ्याचा चिरा घ्या. उभा लावा, आडवा लावा, त्याला ठरावीक उभा-आडवा धागा नसतो. सागाच्या फळीचं तसं नाही. तिला रेषा आहे. रेषेच्या दिशेने रंधा सुरळीत चालतो, आडव्या दिशेने अडकतो. लाकूड एकच, पण दिशा बदलली की वागणूक बदलते.

गार्नेट चिऱ्यासारखं आहे. त्याच्या आतली अणूंची रचना तिन्ही बाजूंनी सारखी, म्हणून प्रकाश कोणत्याही दिशेने गेला तरी एकाच वेगाने जातो. माणिक फळीसारखं आहे. त्याच्या स्फटिकाला एक खास दिशा असते, तिला अक्ष म्हणू. त्या अक्षाला तिरका जाणारा प्रकाश माणकात शिरला की त्याच्या दोन वाटा होतात आणि दोन्ही वाटांवरचा वेग किंचित वेगळा असतो. याला दुहेरी अपवर्तन म्हणतात. दोन वाटांवर रंगही वेगळा गाळला जातो: एका वाटेने जांभळट लाल, दुसरीने नारिंगी लाल. आपल्या डोळ्यांना दोन्ही मिसळून एकच लाल दिसतो.

हे दोन रंग वेगळे करून बघता आले, तर खडा गार्नेट नाही हे निश्चित. कारण गार्नेटकडे दुसरा रंग नाहीच.

लॅपटॉप, उन्हाचा चष्मा आणि खोबरेल तेल

रत्नपारखी यासाठी डायक्रोस्कोप नावाची छोटी नळी वापरतात. तिच्यात दोन खिडक्या शेजारी शेजारी दिसतात. माणिक असेल तर दोन खिडक्यांत दोन लाल, गार्नेट असेल तर एकच. ती नसेल तर लॅपटॉपचा साधा एलसीडी पडदा चालतो. त्यातून निघणारा प्रकाश एकाच पातळीत कंप पावणारा असतो, म्हणजे ध्रुवीकृत.

पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा, उजेड कमाल करा आणि लॅपटॉप आडवा झोपवा. सुटा खडा काचेच्या छोट्या वाटीत ठेवा. वाटी प्लास्टिकची नको, प्लास्टिक स्वतःच रंग दाखवून घोळ करतं. वाटीत खडा बुडेल इतकं खोबरेल तेल घाला. तेलाशिवाय पैलूंवरची चमक डोळ्यात जाते आणि आतलं काही दिसत नाही. तेलात ती चमक निम्म्याहून कमी होते आणि खडा खिडकीसारखा आरपार दिसू लागतो. वाटीच्या तळाशी पातळ कापड किंवा फडकं ठेवू नका, प्रकाश खालूनच यायचा आहे.

आता दातकोरणीने खडा हळूहळू फिरवा. पाव फेरीत लाल रंग नारिंगीकडून जांभळटाकडे सरकला, पुढच्या पाव फेरीत परत आला, तर तो माणिक असण्याची शक्यता खूप वाढली. काहीच बदललं नाही, तर लगेच गार्नेट म्हणून मोकळे होऊ नका. इथेच पुष्कळ जण फसतात. माणकाचे कारागीर रंग उत्तम दिसावा म्हणून खड्याचा सपाट माथा बहुधा अक्षाला आडवा ठेवून कापतात. म्हणजे वरून बघितलं की आपण नेमके अक्षाच्या दिशेने बघतो, आणि त्या दिशेने दोन वाटा होतच नाहीत. म्हणून खडा कडेवर उभा करा, मग दुसऱ्या कडेवर. निदान तीन दिशांनी बघितल्याशिवाय निकाल नको.

दुसरी पायरी चष्म्याची. पोलराइज्ड असं लिहिलेला उन्हाचा चष्मा घ्या, डोळ्यांसमोर धरून फिरवा. एका कोनात पडदा काळा पडेल. चष्मा तिथेच धरा आणि काळ्या पडद्यावरचा खडा फिरवा. माणिक एका पूर्ण फेरीत चार वेळा उजळतं आणि चार वेळा विझतं, ठरावीक तालात. गार्नेट काळंच राहतं. कधी कधी गार्नेटमध्ये आतल्या ताणामुळे सापासारख्या वळणाच्या पुसट छाया हलतात, पण त्यात चाराचा ताल नसतो. उलट, आत खूप भेगा आणि जोडस्फटिक असलेलं माणिक विझतच नाही, सतत उजळ राहतं. अशा वेळी पहिल्या पायरीवरचा रंगबदल जास्त भरवशाचा.

काही नव्या फोनच्या आणि ओएलईडी पडद्यांवर हे जमत नाही. साधा एलसीडीच हवा. आणि एक महत्त्वाची गोष्ट: पन्नी असलेला बंद कोंदणातला दागिना किंवा मोत्यांची नथ तेलात बुडवायची नाही. पन्नी काळी पडते, मोत्यांचं तेज जातं आणि ओवलेल्या नथीच्या भोकांत तेल मुरतं.

नोटा तपासायचा दिवा

बहुतेक सराफांच्या आणि किराणा दुकानांच्या गल्ल्याशेजारी खोट्या नोटा ओळखायचा अतिनील दिवा असतो. अंधार करून लाल खडा त्याच्याखाली धरा. ब्रह्मदेशच्या जातीचं माणिक निखाऱ्यासारखं लाल पेटतं. त्यातलं क्रोमियम न दिसणारा अतिनील प्रकाश गिळतं आणि तो लाल प्रकाश म्हणून परत देतं. उन्हातही हेच होत असतं, म्हणून चांगलं माणिक दिवसा आतून उजळल्यासारखं वाटतं.

लाल गार्नेट मात्र काळं ठिक्कर राहतं. लोह ही चमक मारतं.

इथे तर्क एकाच बाजूने चालतो. खडा पेटला तर तो गार्नेट नाही. पेटला नाही तर माणिक नाही असं मात्र म्हणता येत नाही, कारण थायलंडकडच्या माणकात लोह जास्त असतं आणि ते मंद चमकतं किंवा चमकतच नाही. आणि ऑनलाइन मिळणारे जांभळा उजेड देणारे स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरचे असतात. त्यांचा स्वतःचा जांभळा रंग खड्यावरून परावर्तित होतो आणि खडा पेटल्याचा भास होतो. ३६५ नॅनोमीटर लिहिलेला दिवा घ्या.

चुंबकाची परीक्षा

गार्नेटसाठी ही सगळ्यात भरवशाची घरगुती परीक्षा आहे, आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू कागदावर घेऊन खालून लोहचुंबक फिरवलं की तिचे कण उभे राहतात, हे किनाऱ्यावरच्या मुलांनी हमखास केलेलं असतं. त्या कणांत लोह असतं. लाल गार्नेटमध्येही असतं, पण इतकं पसरलेलं की साधं चुंबक त्याला उचलू शकत नाही. त्यासाठी निओडिमियमचं चुंबक लागतं. हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन बोटाच्या पेराएवढी चकती मिळते. स्पीकरमधलं जुनं काळं चुंबक पुरत नाही.

काचेच्या किंवा स्टीलच्या नव्हे, चिनी मातीच्या पसरट भांड्यात पाणी घ्या. स्टीलचं भांडं स्वतःच चुंबकाला ओढ घेऊ शकतं, आणि काचेच्या उंच पेल्याच्या कडांशी पाणी वर चढतं तिथे तराफा सरकत जातो, म्हणून पसरट भांडं. पंखा बंद करा. थर्माकोलचा नखाएवढा तुकडा पाण्यावर सोडा. आधी रिकाम्या तुकड्याजवळ चुंबक नेऊन बघा, तो हलत नाही याची खात्री करा. मग मधोमध खडा ठेवा आणि तराफा स्थिर होऊ द्या. चुंबक खड्याच्या उंचीला, अर्ध्या सेंटीमीटरवर आणा. थर्माकोलला स्पर्श नको.

गार्नेट असेल तर तराफा चुंबकाकडे चालू लागतो. अल्मंडाइन असेल तर जोरात, मिश्र गार्नेट असेल तर हळू, पण नक्की. चुंबक दुसऱ्या बाजूने आणलं की तो वळून तिकडे येतो. माणिक बहुधा ढिम्म राहतं. कधी तर किंचित मागे सरकल्यासारखं वाटतं, त्याला घाबरू नका. तीव्र चुंबक पाण्याला अगदी किंचित दूर ढकलतं.

खडा सुटा हवा. सोनं चुंबकाला ओढत नाही हे खरं, पण नथीच्या फासात किंवा मळसूत्रात पोलाद असेल तर परीक्षा वाया जाते. चुंबकाला आधीच चिकटलेली काळी वाळूही पुसून घ्या. आणि हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने ही चुंबकं हाताळू नयेत.

काही काचांतही लोह असतं, त्यामुळे हलका प्रतिसाद म्हणजे गार्नेटच असं नाही. काच ओळखायला वजन मदतीला येतं.

"जड लागतो म्हणजे माणिकच ना?"

नाही. एखादी वस्तू तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा किती पट जड आहे, याला सापेक्ष घनता म्हणतात. माणकाची ४.००. गार्नेटची मिश्रणानुसार बदलते: पायरोप ३.७८ च्या आसपास, मिश्र ३.८४ च्या आसपास, अल्मंडाइन ४.०५ किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे माणिक गार्नेटच्या पट्ट्याच्या मधोमध बसलेलं आहे. साध्या काचेची मात्र २.५ च्या जवळपास. काच यात लगेच पकडली जाते.

सराफाचा एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असेल तर हे सोपं आहे. खडा कोरडा तोला. समजा ०.४८० ग्रॅम, म्हणजे २.४० कॅरेट, कारण एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. आता पाण्याची छोटी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्य करा. खडा बारीक धाग्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा सोडा. काट्यावर येणारा आकडा म्हणजे खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरडं वजन भागिले हा आकडा. ०.१२० आला तर उत्तर ४.००. ०.१२५ आला तर ३.८४. ०.१९२ आला तर २.५०, म्हणजे काच.

माणिक आणि मिश्र गार्नेट यांच्यातला फरक किती, तर पाच मिलिग्रॅम. खड्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडा तेवढी चूक सहज करतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि खडा पाण्यातच हलवून बुडबुडे घालवा. नथीतल्या खड्याइतका लहान, समजा ०.४० कॅरेटचा खडा असेल तर तो ०.१० कॅरेट पाणी सारतो. त्यात ०.०१ ची चूक झाली की उत्तर ३.६ पासून ४.४ पर्यंत कुठेही जातं. लहान खड्यांसाठी ही परीक्षा सोडून द्या.

वल्हं पाण्यात मोडकं का दिसतं

खाडीत रोवलेला बांबू पाण्याच्या पातळीशी मोडल्यासारखा दिसतो, कारण पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो. कोण प्रकाशाला किती वाकवतं, याचा आकडा म्हणजे अपवर्तनांक. पाण्याचा १.३३, साध्या काचेचा १.५ च्या जवळ. माणकाचे दोन आकडे येतात, १.७६२ आणि १.७७०, कारण वाटा दोन. गार्नेटचा एकच येतो. तो १.७४ पासून १.८० पर्यंत कुठेही असू शकतो, मिश्र गार्नेटचा तर नेमका १.७६. म्हणून "आकडा १.७६ आला, माणिक आहे" असं कोणी सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारा: एक रेघ दिसली की दोन? हे मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर चांगल्या सराफाकडे असतं. त्यात वापरायचा द्रव विषारी आहे, घरी करण्याची ही गोष्ट नाही.

भिंगातून

दहापट भिंग पुरतं. माणकात पुष्कळदा रेशमासारख्या अतिशय बारीक सुया दिसतात, एकमेकींना साठ अंशांत छेदणाऱ्या. अल्मंडाइनमध्येही सुया असतात, पण आखूड, विरळ आणि सत्तर अंशांच्या जवळपास छेदणाऱ्या. गार्नेटमध्ये गोलसर कडांचे छोटे स्फटिकही दिसतात.

पैलूंच्या कडा बघा. आपल्याकडच्या धुळीत वाळू असते, वाळूत क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झचं काठिण्य, एक ते दहाच्या मापावर, ७. माणकाचं ९, गार्नेटचं ७ ते ७.५, काचेचं ५ ते ५.५. त्यामुळे तीन पिढ्या घातलेल्या अंगठीत काचेच्या कडा साबणाच्या वडीसारख्या झिजलेल्या दिसतात, गार्नेटच्या थोड्या बोथट, आणि माणकाच्या अजून धारदार. हा पुरावा नव्हे, पण दिशा चांगली दाखवतो.

"काचेवर ओरखडा उठतो, दुधात ठेवलं तर दूध लाल दिसतं"

काचेवर ओरखडा माणिकही काढतं, गार्नेटही काढतं, वाळूचा कणही काढतो. त्यातून एवढंच कळतं की खडा काचेपेक्षा कठीण आहे. आणि ओरखड्याच्या नादात पैलूचं टोक उडालं की ते परत येत नाही. दुधाची परीक्षा तर कोणत्याही पारदर्शक लाल वस्तूला लागू पडते: लाल खड्यातून गेलेला प्रकाश पांढऱ्या दुधावर पडला की दूध लालसर दिसणारच.

"दागिन्याला हॉलमार्क आहे की"

१ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, असलेलंच हॉलमार्कचं सोनं विकता येतं. ती खूण सोन्याच्या शुद्धतेची आहे. खड्याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही.

"आमचं माणिक थिबा राजाकडचं आहे"

रत्नागिरीत हे ऐकायला मिळतं, आणि त्यामागे खरा इतिहास आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केलं, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. मोगोकच्या खाणींचा धनी तीस वर्षं आपल्या किनाऱ्यावर नजरकैदेत राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. या काळात त्याच्याकडची रत्नं विकली गेली. त्यामुळे एखाद्या घरात ब्रह्मी माणिक असणं अशक्य नाही. पण खड्याच्या अंगावर मालकाचं नाव नसतं. आणि राजाचा खडा म्हणजे माणिक, हेही गृहीत धरता येत नाही. इंग्लंडच्या राजमुकुटात पुढे बसवलेलं 'ब्लॅक प्रिन्स रुबी' शतकानुशतकं माणिक मानलं गेलं, ते स्पिनेल निघालं. स्पिनेल म्हणजे आपल्याकडची लालडी: क्रोमियममुळे लाल, अतिनील दिव्याखाली पेटणारी, पण प्रकाशाला एकच वाट देणारी. चुंबकाकडे न जाणारा, दिव्याखाली पेटणारा आणि दोन रंग न दाखवणारा खडा हाती आला, तर तो फेकू नका. उत्तम लालडी आज चांगल्या किमतीला जाते.

माणिक निघालं, पण खाणीतलं की भट्टीतलं?

ही सगळ्यात अवघड गोष्ट. १९०२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑगुस्त व्हर्नॉय यांनी ज्योतीत पावडर वितळवून माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. हे खोटं माणिक नव्हे. रसायन तेच, काठिण्य तेच, अपवर्तनांक तोच, घनता तीच. जुन्या हातघड्याळांवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असतं, ती ज्वेल्स म्हणजे हेच कारखान्यातलं माणिक. म्हणजे शंभर वर्षं जुन्या दागिन्यातही ते असू शकतं. 'जुनं आहे म्हणजे खाणीतलंच' हा हिशेब १९०२ नंतरच्या दागिन्यांना चालत नाही.

वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षांत ते माणिक म्हणूनच उत्तीर्ण होतं. पकडलं जातं ते भिंगाखाली: आत ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र रेषा आणि गोल बुडबुडे. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ असतात आणि कोनात वळतात. अतिनील दिव्याखाली भट्टीतलं माणिक बहुधा जास्तच भडक पेटतं. फार स्वच्छ, फार लाल आणि आकाराने मोठं माणिक दिसलं तर आनंदाआधी संशय यायला हवा.

आणखी एक प्रकार गेल्या वीस वर्षांतला. २००४ च्या सुमारास भेगाळलेल्या हलक्या माणकात शिशाची काच भरून ते पारदर्शक करण्याची पद्धत बाजारात आली. अशा खड्यात भिंगाखाली निळी किंवा नारिंगी झलक मारते. पणजीच्या नथीत हे असणार नाही, पण अलीकडे घेतलेल्या राशीच्या अंगठीत असू शकतं. ही काच आम्लाने विरघळते. लिंबाच्या रसाने, कोकमाने किंवा चिंचेने दागिने उजळण्याची सवय असेल तर अशा खड्याच्या भेगा पांढऱ्या पडतात. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, एवढंच वापरा.

मोडायला देताना

खडे आधी काढून घ्या, मग सोनं आटवू द्या. सोनं १०६४ अंशांना वितळतं. माणिक तितक्या उष्णतेला टिकू शकतं, पण सोनाराचा टाकणखार तापल्यावर माणकाचा पृष्ठभाग खातो. गार्नेट अचानक तापलं की तडकतं. काच भरलेलं माणिक तर ज्योतीजवळ नेलं की संपलंच. दुरुस्तीच्या वेळीही हेच: डाख लावण्याआधी खडा काढायला सांगा.

काढलेले खडे मोजून, तोलून, प्रत्येकाचा पांढऱ्या कागदावर फोटो काढून वेगळ्या पुड्यांत ठेवा. एकाच पुडीत टाकले की माणिक बाकीच्यांना ओरबाडतं.

मग प्रश्न येतो प्रयोगशाळेचा. तपासणीला पैसे आणि मुंबईची खेप पडते, तेव्हा प्रत्येक खड्यासाठी ते परवडत नाही. नथीतला तांदळाएवढा खडा माणिक निघाला तरी त्याची किंमत तपासणीच्या खर्चाइतकी असेलच असं नाही. आणि अपारदर्शक, भेगाळलेलं माणिक हे स्वच्छ गार्नेटपेक्षा स्वस्त असू शकतं, हेही ध्यानात ठेवा. पण अर्ध्या कॅरेटच्या पुढचा, स्वच्छ, चुंबकाकडे न जाणारा आणि पडद्यावर दोन रंग दाखवणारा खडा असेल, तर तो तपासल्याशिवाय कोणालाही देऊ नका.

प्रमाणपत्र हातात आलं की तीन ओळी शोधा. खनिजाचं नाव: तिथे 'नॅचरल कॉरंडम' आणि प्रकार 'रुबी' असं लिहिलेलं असावं. दुसरी ओळ खडा कुठला याची: 'सिंथेटिक' शब्द असेल तर खडा भट्टीतला. तिसरी ओळ प्रक्रियेची: नुसतं तापवलेलं आहे की काच भरलेली आहे. तापवणं बाजारात मान्य आहे, किंमत थोडी कमी होते. काच भरलेली असेल तर भाव कितीतरी पटींनी खाली येतो, आणि प्रमाणपत्रावर 'नॅचरल' शब्द तरीही असू शकतो. ती ओळ बारीक अक्षरांत, बहुधा शेरा या रकान्यात असते.